विश्लेषण : एक्यूआय ‘मध्यम’, मग डोळे का चुरचुरतात? धुरातील रेणू पेशींमधील घंटा कशी वाजवतात?

ऊसतोडीच्या हंगामात संध्याकाळी सोलापूर शहराबाहेर दुचाकीवरून निघाले, की एखाद्या शेतात पाचट पेटलेले दिसते. धूर रस्त्यावर उतरलेला असतो. डोळ्यांतून पाणी येते, घसा खवखवतो, हेल्मेटची काच खाली ओढावी लागते. मोबाइलमधील ॲप मात्र शहराची हवा ‘समाधानकारक’ किंवा फार तर ‘मध्यम’ असल्याचे सांगत असते. ॲप खोटे बोलत नाही आणि डोळेही खोटे बोलत नाहीत. दोघांचे मोजमाप वेगळे आहे. डोळ्यांतील, नाकातील आणि फुप्फुसातील पेशी नेमके काय मोजतात, ते गेल्या वीस वर्षांत रेणूच्या पातळीवर उलगडले आहे.

एक्यूआय नेमके काय मोजतो?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून वापरात आहे. त्यात आठ प्रदूषके धरली जातात : पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. बहुतेकांची २४ तासांची सरासरी घेतली जाते. सर्वांत वाईट आकडा ज्या प्रदूषकाचा, तोच शहराचा एक्यूआय ठरतो.

सोलापूर हे केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहर आहे. म्हणजे हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत त्याचे नाव आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे उद्दिष्ट हवेतील कणांचे प्रमाण २०१७ च्या तुलनेत आधी २० ते ३० टक्के आणि नंतर २०२५-२६ पर्यंत ४० टक्के कमी करण्याचे ठरले. यशाची मोजपट्टी म्हणजे एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत. थोडक्यात, वजन.

वजन महत्त्वाचे आहेच. पण एक मायक्रोग्रॅम माती आणि एक मायक्रोग्रॅम जळत्या पाचटाची काजळी पेशीसाठी सारखी नसते. शिवाय पाचट, कचरा किंवा टायर जळताना निघणारे ॲक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइड हे वायू त्या आठांच्या यादीतच नाहीत. अर्ध्या तासाचा दाट धूर २४ तासांच्या सरासरीत विरघळून जातो, ते वेगळेच.

मिरची आणि मोहरी : फरक कुठे आहे?

पेशीच्या आवरणात हजारो प्रथिने रोवलेली असतात. त्यांतील काही बाहेरच्या जगाची खबर आत पोहोचवतात. हेच रिसेप्टर. शाळेत ते कुलूप-किल्लीच्या उदाहरणाने शिकवतात. ठरावीक आकाराचा रेणू येतो, खाचेत बसतो, कुलूप उघडते आणि थोड्या वेळाने किल्ली निघून जाते.

शेंगाचटणीतील लाल तिखट अगदी असेच काम करते. मिरचीतील कॅप्सायसिन टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरच्या खाचेत बसते. हाच रिसेप्टर भाजणाऱ्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून तिखट खाल्ल्यावर तोंड ‘भाजते’. तो १९९७ मध्ये शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल आर्डेम पातापूटियन यांच्यासोबत मिळाले.

आता मोहरीचे पाहा. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना झिणझिण्या जिभेला नाही, थेट नाकात आणि डोळ्यांत जातात. अख्ख्या दाण्याला हा वास नसतो. दाणा फुटून ओला झाला की त्यातील एन्झाइम कामाला लागते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट हा उडून जाणारा रेणू तयार होतो. (फोडणीत तडतडलेली मोहरी नाकात जात नाही, कारण गरम तेलात ते एन्झाइम आधीच निकामी होते.) कच्चा लसूण ठेचल्यावर निघणारे ॲलिसिन याच जातकुळीतील.

हे रेणू ज्या रिसेप्टरला जागे करतात त्याचे नाव टीआरपीए१. गंमत अशी, की त्याला जागे करणाऱ्या पदार्थांची यादी वाचली तर कुलूप-किल्लीचे उदाहरण कोलमडते. मोहरीचे तेल, लसूण, दालचिनीतील सिनॅमल्डिहाइड, धुरातील ॲक्रोलीन, फॉर्मल्डिहाइड, अश्रुधूर, ब्लीचिंगमध्ये वापरतात ते हायपोक्लोराइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. या रेणूंच्या आकारात काहीच साम्य नाही. इतक्या वेगवेगळ्या किल्ल्या एका कुलपाला कशा लागतील?

किल्ली नव्हे, वेल्डिंग

उत्तर रसायनशास्त्रात सापडले. हे सगळे रेणू इलेक्ट्रॉनांचे भुकेले असतात. समोर इलेक्ट्रॉन देणारा अणू दिसला की त्याच्याशी पक्का रासायनिक बंध करतात. म्हणून त्यांना क्रियाशील म्हणायचे.

प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात त्यांत सिस्टीन नावाचे एक आहे. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो आणि तो इलेक्ट्रॉन द्यायला एका पायावर तयार असतो. टीआरपीए१ चा मोठा भाग पेशीच्या आतल्या बाजूला लोंबतो आणि तिथे अशा काही सिस्टीन अगदी मोक्याच्या जागी आहेत. मोहरीचा किंवा धुराचा रेणू पेशीच्या आवरणातून आत शिरतो आणि त्या गंधकाला चिकटतो. किल्ली खाचेत बसून निघून जाते, हा रेणू जणू टाका मारून बसतो. प्रथिनाचा आकार बदलतो, मधली वाहिनी उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम व सोडियम आत धावतात. चेतातंतूत विजेचा स्पंद तयार होतो. पुढचा ठसका, शिंक, अश्रू हे सगळे त्या स्पंदाचे काम.

म्हणजे टीआरपीए१ ला रेणूचा आकार ओळखायचाच नसतो. हा रेणू प्रथिनांना चिकटणारा आहे का, एवढेच तो तपासतो. जगात उद्या नव्याने तयार होणारे घातक रसायनही, ते क्रियाशील असेल तर, याच घंटेला हात लावण्याची शक्यता मोठी. रचना म्हणून ही कल्पना भन्नाट आहे. हजार विषांसाठी हजार सेन्सर ठेवण्याऐवजी एकच सेन्सर, तोही विषाच्या सवयीवर नजर ठेवणारा.

२००६ आणि २००७ मध्ये अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवून दिले. एक ज्युलियस यांचा, दुसरा पातापूटियन यांचा. युक्ती साधी होती. त्या मोक्याच्या सिस्टीन काढून तिथे दुसरी अमिनो आम्ले बसवली. रिसेप्टर जागेवर होता, पण मोहरीसारख्या रेणूंना तो नीट दाद देईना. ज्या उंदरांत टीआरपीए१ चा जनुकच नव्हता, त्यांच्या चेतापेशी ॲक्रोलीनलाही थंडच राहिल्या. २०१५ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या प्रथिनाची रचनाही दिसली. चार सारखे भाग मधल्या छिद्राभोवती उभे असतात.

मोहरीतील आयसोथायोसायनेटमधून गंधक काढून ऑक्सिजन बसवला की आयसोसायनेटचे कूळ तयार होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुटलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातील. कोणीतरी मिरच्या जाळतेय असे सुरुवातीला वाटल्याचे तिथल्या अनेकांनी नंतर सांगितले. २००९ मध्ये अमेरिकेतील स्वेन-एरिक जॉर्ट यांच्या गटाने दाखवले, की हा वायू आणि अश्रुधुरातील रसायने टीआरपीए१ लाच पेटवतात. लोकांना जाणवलेली जळजळ मिरचीची वाटली, पण घंटा मोहरीची वाजत होती.

सोलापुरात हे रेणू येतात कुठून?

ॲक्रोलीनचा रेणू छोटा आहे. तीन कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन. लाकूड, पाचट, कापूस, तंबाखू, म्हणजे वनस्पतीपासून आलेले जवळपास काहीही अर्धवट जळले की तो निघतो. तेल फार तापून धुरकटले की कढईतूनही निघतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने त्याचा हत्यार म्हणून वापर केला होता. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भागापेक्षा जास्त ॲक्रोलीन चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडसाठी हीच मर्यादा ५० भाग आहे. यावरून त्याच्या धारेची कल्पना यावी.

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. ऊस गेल्यावर शेतात राहणारे पाचट कुजवावे, असे कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगतो. पण मजूर, वेळ आणि पुढच्या पाण्याची घाई यांपुढे काडीपेटी स्वस्त पडते. शहरात वेगळे स्रोत आहेत : कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, डिझेलची वाहने, चुली, विडीचा धूर.

विडीबाबत एक गल्लत टाळायला हवी. शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या घरकुलांत विडी वळणाऱ्या हजारो महिलांच्या अंगावर धूर येत नाही, तंबाखूची धूळ येते. त्या धुळीतील निकोटिनही टीआरपीए१ उघडते, हे २००९ मध्ये दिसून आले. पण निकोटिन टाका मारत नाही, येते आणि निघून जाते. शिंका आणि चुरचुर तिथेही आहेच, पण तिची रासायनिक गोष्ट निराळी. विडी पेटल्यावर ओढणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या नाकात जाते ते ॲक्रोलीन.

घंटा वाजल्यावर पुढे काय?

ठसका हा फायद्याचा आहे. तो माणसाला धुरापासून दूर पळायला लावतो. अडचण पुढे सुरू होते. चेतातंतू मेंदूला खबर देतो, त्याच वेळी आपल्या टोकाशी, म्हणजे डोळ्यात किंवा श्वासनलिकेच्या अस्तरात, सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही द्रव्ये सोडतो. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते, अस्तर सुजते. जंतू नसताना आलेली ही सूज. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आधीच चिडलेली असते, त्यामुळे इतरांना नुसता खोकला येईल एवढ्या धुराने त्याला धाप लागू शकते.

डिझेलचा धूर आणि निकामी झालेला ब्रेक

सगळेच क्रियाशील रेणू घंटा वाजवून थांबत नाहीत. सिस्टीन शरीरातील बहुतेक प्रथिनांत असते. जिथे ती उघडी आणि तयार असते, तिथे टाका बसू शकतो.

याचे चांगले उदाहरण जपानमधून आले. डांबरगोळीत असते ते नॅप्थलीन डिझेलच्या धुरातही असते. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन १,२-नॅप्थोक्विनोन हा रेणू तयार होतो. त्सुकुबा विद्यापीठातील योशितो कुमागाई यांच्या गटाने २००७ मध्ये प्रयोगशाळेतील मानवी पेशींवर त्याचा माग काढला. रेणू जाऊन चिकटला तो पीटीपी१बी नावाच्या एन्झाइमच्या सिस्टीनला.

या एन्झाइमचे काम ब्रेकचे. पेशीच्या आवरणावर ईजीएफआर हा रिसेप्टर असतो. वाढीचा संदेश देणारे प्रथिन येऊन बसले की ईजीएफआर स्वतःवर फॉस्फेटचे बिल्ले लावतो आणि आत ‘वाढा, विभागा’ असा निरोप जातो. काम झाले की पीटीपी१बी ते बिल्ले उतरवते. नॅप्थोक्विनोनने ब्रेकच जाम केला. बाहेरून कोणताही संदेश आलेला नसताना ईजीएफआर चालूच राहिला.

श्वासनलिकेच्या अस्तरात ईजीएफआर चालू राहण्याचा एक परिणाम सोलापूरकरांच्या ओळखीचा आहे : कफ. चिकट स्राव बनवण्याचा आदेश याच वाटेने जातो आणि सिगारेटच्या धुराने हीच वाट चालू होते, हे दाखवले गेले आहे. वर्षानुवर्षे धुरात काम करणाऱ्याचा सकाळचा खाकरा म्हणजे नुसती ‘छातीत बसलेली धूळ’ नव्हे. त्यात पेशींना मिळत राहिलेल्या चुकीच्या आदेशाचाही वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. त्यामागे मुख्यतः डीएनएला होणारी इजा आणि कामगारांवरील दीर्घ अभ्यास आहेत. वाढीचा संदेश अडकून राहणे हा त्याच्या शेजारचा धागा.

पेशीकडे बचाव नाही का?

आहे, आणि चांगला आहे. पेशीत ग्लुटाथिऑन नावाचा छोटा रेणू मुबलक असतो. त्यातही सिस्टीन असते. तो स्वतः पुढे होऊन क्रियाशील रेणूला चिकटतो आणि दोघे मिळून शरीराबाहेर जातात. साठा संपत आला की दुसरी यंत्रणा जागी होते. कीप१ नावाच्या प्रथिनात २७ सिस्टीन असतात. त्यांतील मोक्याच्या सिस्टीनवर टाका बसला की कीप१ ची एनआरएफ२ वरची पकड सुटते. एनआरएफ२ केंद्रकात जाते आणि ग्लुटाथिऑन बनवणारी यंत्रणा वाढवण्याचा हुकूम देते. जपानी संशोधक मासायुकी यामामोतो यांच्या गटाने १९९९ मध्ये कीप१ चा शोध लावला.

त्यामुळे लोणच्यातील मोहरी किंवा चटणीतील लसूण बाधत नाही. मात्रा थोडी, साठा पुरेसा. रोज आठ तास धुरात उभे राहणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. भरपाई होण्याआधीच खर्च सुरू होतो.

टॉवेलचा रंग धुऊन का जात नाही?

विषय बदलल्यासारखा वाटेल, पण रसायन तेच आहे. १९५६ मध्ये बाजारात आलेले ‘रिॲक्टिव्ह’ जातीचे रंग आज सुती कापडासाठी जगभर वापरले जातात. सोडा टाकला की हे रंग कापसाच्या धाग्याशी पक्का बंध करतात, म्हणून कापड शंभरदा धुतले तरी रंग टिकतो. नावातच सगळे आले. पण रंगाची कोरडी पूड तोलताना, ओतताना उडाली आणि श्वासात गेली, तर तोच रेणू माणसाच्या प्रथिनांशी बंध करू शकतो. शरीराला ते जोडलेले प्रथिन परके वाटते आणि काही कामगारांत त्यातून दमा सुरू होतो. हा मार्ग टीआरपीए१ चा नाही, प्रतिकारशक्तीचा आहे. एकदा ॲलर्जी जडली की पुढे चिमूटभर पूडही पुरते. डाईंगमध्ये सर्वांत धोक्याची जागा उकळते भांडे नसून पूड तोलण्याचा काटा आहे, हे मालकांनी आणि कामगारांनी दोघांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

‘आता सवय झाली’ म्हणजे काय झाले?

भट्टीवर, चुलीपुढे किंवा प्रोसेस हाउसमध्ये काम करणारे हमखास सांगतात, ‘पहिले आठ दिवस त्रास झाला, आता काही वाटत नाही.’ ते खरे असते. टीआरपीए१ पुन्हा पुन्हा चेतवला की मंदावतो. लोणच्याच्या पहिल्या घासाला नाकात जाते तेवढे तिसऱ्याला जात नाही, तसेच. मात्र मंदावते ती घंटा. धुरातील रेणू तेवढेच राहतात आणि इतर प्रथिनांवर टाके पडत राहतात.

उलट, काही घातक वायूंसाठी ही घंटा मुळातच नाही. कार्बन मोनॉक्साइड सिस्टीनला चिकटत नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाला धरून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. त्याला ना वास, ना चुरचुर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला १८ मे २०२५ रोजी पहाटे लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. कापूस आणि सूत जळताना बंद इमारतीत दोन्ही प्रकारचे वायू एकदम भरतात. एक डोळे उघडू देत नाही, त्यामुळे दार सापडत नाही. दुसरा शुद्ध घालवतो आणि झोपेतील माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. धूर वर चढतो, म्हणून आगीतून बाहेर पडताना जमिनीलगत रांगत जायचे असते. तोंडावरचे ओले फडके ॲक्रोलीनसारखा पाण्यात विरघळणारा वायू थोडा अडवते, कार्बन मोनॉक्साइड अजिबात नाही. कामाच्या जागीच झोपणाऱ्यांसाठी दुसरा, उघडा राहणारा दरवाजा आणि धूर ओळखणारा अलार्म याला पर्याय नाही.

मास्कचा उपयोग होतो का?

एन-९५ मास्क कण अडवतो. काजळी आणि तिच्यावर बसलेले क्विनोन त्यात अडकतात, पण ॲक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइड वायू असल्याने आरपार जातात. त्यांच्यासाठी त्या त्या वायूला चालणारा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. रुमाल किंवा ओढणी दोन्हींपुढे फारशी टिकत नाही. रंगाची पूड हाताळताना मात्र चांगला बसलेला एन-९५ खरोखर कामाचा आहे, कारण पूड म्हणजे कणच. स्वयंपाकघरात तेल धुरकटण्याआधी आच कमी करणे आणि खिडकी उघडणे पुरते.

डोळ्यांत ब्लीचिंगचे पाणी किंवा रसायन उडाले तर चोळू नये. स्वच्छ वाहत्या पाण्याने सलग १५ मिनिटे धुवावे आणि त्यानंतर लगेच डॉक्टर गाठावा. दम्याच्या रुग्णांनी पाचट किंवा कचरा जळताना दिसला तर ॲपवरील आकडा न पाहता आधी वाऱ्याची दिशा पाहावी आणि पंप खिशात ठेवावा.